आपल्या शहराची बातमी

मुलांनो, सकाळी घरी वर्तमानपत्र आले की तुम्ही सर्वांत आधी कोणते पान उघडता? बहुतेक मुले खेळाचे पान शोधतात. वडील माणसे दिल्ली-मुंबईच्या बातम्या वाचतात. आतल्या पानावर लहान अक्षरांत आपल्या शहराच्या बातम्या असतात. नळाला पाणी कधी येणार, कोणता रस्ता बंद राहणार, कॉलेजचे प्रवेश कधी सुरू होणार, हे सारे तिथेच कळते. आपल्या रोजच्या जीवनाशी या बातम्यांचा फार जवळचा संबंध आहे. म्हणून त्या कशा वाचाव्यात हे आज पाहू.

आपण रत्नागिरीचे उदाहरण घेऊ. हे समुद्रकाठचे लहानसे शहर आहे. तेथील मिरकरवाडा बंदरावर अनेक कुटुंबांचे पोट चालते. शहराजवळ शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय आहे. ते १९८१ साली सुरू झाले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे ते महाविद्यालय आहे. मासे व कोळंबी कशी वाढवावी, पकडलेली मासळी कशी टिकवावी, याचे शास्त्र तेथे शिकवतात. बंदर आणि महाविद्यालय या दोन्ही ठिकाणच्या बातम्या शहरातील लोकांच्या उपयोगाच्या असतात.

चांगल्या बातमीत सहा प्रश्नांची उत्तरे मिळतात : काय घडले? कोठे घडले? केव्हा घडले? कोणाच्या बाबतीत घडले? का घडले? आणि कसे घडले? मासेमारी बंदीची बातमी घ्या. २०२५ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी होती. काय, कोठे, केव्हा आणि कोणाला, हे या एका वाक्यात आले. आता 'का?' हा प्रश्न विचारा. त्याची दोन कारणे आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे माणसांच्या जिवाला धोका असतो. शिवाय याच दिवसांत अनेक जातींचे मासे अंडी घालतात. त्यांना तेव्हा पकडले, तर पुढे जाळ्यात काय येणार? म्हणून या काळात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात.

या बातमीतला 'यांत्रिक' हा शब्द पुन्हा पाहा. इंजिन नसलेल्या होडीला ही बंदी लागू नसते. हा एक शब्द वाचायचा राहून गेला, तर लहान होडीवर पोट भरणारा माणूस विनाकारण दोन महिने घरी बसेल. म्हणून बातमी शब्द न् शब्द वाचावी.

कधी कधी बातमीवर माणसाचा जीव अवलंबून असतो. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' नावाचे चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले. त्या वेळी अनेक नौका समुद्रात होत्या. काही घरांतील कर्ती माणसे परत आलीच नाहीत. वादळाची शक्यता असली की बंदरावर धोक्याचा बावटा लावतात. 'तीन नंबरचा बावटा लागला', ही पेपरातली बातमी एका ओळीची असते. पण ज्याचा बाप किंवा भाऊ समुद्रावर जाणार असतो, त्याने ती ओळ आधी वाचली पाहिजे.

उर्दू जाणणाऱ्या तुम्हां मुलांना मराठी बातम्यांत ओळखीचे अनेक शब्द भेटतील. तारीख, अर्ज, मुदत, जाहीर, हे शब्द तुम्हांला लगेच समजतील. काही शब्द मात्र फसवतात. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश. मराठीत 'अधिकाऱ्यांनी खुलासा केला' म्हणजे त्यांनी गोष्ट स्पष्ट करून सांगितली. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल. मराठीत 'नागरिकांनी हरकत घेतली' म्हणजे त्यांनी विरोध नोंदवला. शब्द ओळखीचा वाटला, तरी वाक्यातला त्याचा अर्थ तपासून पाहावा.

बातमी आणि अफवा यांतला फरकही ओळखायला हवा. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील नौकेवर खलाशी आहेत. तिला मत्स्यशास्त्र शिकायचे होते. मोहल्ल्यात कोणीतरी तिला म्हणाले, "उर्दू शाळेतल्या मुलींना तिथे घेत नाहीत." ती निराश झाली आणि तिने तो विचार सोडून दिला. मी तिला विचारले, "हे कोणी सांगितले? कोठे छापले आहे?" तिच्याजवळ उत्तर नव्हते. मग आम्ही प्रवेशाची सूचना मिळवली आणि दोघांनी मिळून वाचली. बारावी विज्ञान शाखा आणि प्रवेश परीक्षा, या अटी तीत होत्या. शाळेच्या माध्यमाविषयी एक शब्दही नव्हता. त्या दिवसापासून ती पुन्हा अभ्यासाला लागली. ती सूचना वाचली नसती, तर कोणा एकाच्या ऐकीव बोलण्याने तिची वाट बंद झाली असती.

आज मोबाइलवर अशा ऐकीव गोष्टी घटकेत गावभर पसरतात. त्या पुढे पाठवण्यापूर्वी बातमी कोणी दिली, तारीख कोणती आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती आली आहे का, एवढे तरी पाहावे.

मराठीतील पहिले वृत्तपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर कोकणातील पोंभुर्ल्याचे. त्याच्या दहा वर्षे आधी, १८२२ साली, कलकत्त्याहून 'जाम-ए-जहाँनुमा' हे उर्दूतील पहिले वृत्तपत्र निघाले होते. दर्पण म्हणजे आरसा, आणि जाम-ए-जहाँनुमा म्हणजे सारे जग दाखवणारा प्याला. दोन्ही नावांचा भाव एकच आहे : जे आहे ते दाखवावे.

तुम्हीही एक करून पाहा. तुमच्या गावाची एक बातमी रोज वहीत उतरवा आणि सहा प्रश्नांची उत्तरे तिच्यात शोधा. एखादे उत्तर सापडले नाही, तर घरी किंवा शाळेत विचारा. असे विचारणाऱ्या मुलाला कोणीही सहज फसवू शकत नाही.