उन्हातला सह्याद्री, ओहोटीचा किनारा

मराठी माणसाचे डोंगरातले छायाचित्रण पायपिटीतून जन्मले. गो. नी. दांडेकर किल्ल्यांवर गेले ते आधी चालायला. त्यांची कृष्णधवल दुर्गचित्रे आजही पाहावीशी वाटतात, कारण कॅमेरा धरणाऱ्याला तिथला प्रत्येक बुरूज पायांनी ठाऊक होता. पुढे गिर्यारोहण संस्था वाढल्या, आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारखी पुस्तके पाठपिशवीत आली आणि शाळांच्या सभागृहांतून पारदर्शिकांचे कार्यक्रम होऊ लागले. रोल छत्तीस चित्रांचा; त्यात दोन-तीन दिवसांची वाट बसवायची, म्हणजे बोट दाबण्याआधी विचार करावाच लागे. हिमालयातल्या मोहिमांची चित्रे याच काळातली, पण त्यांच्यावर पुरेसे लिहून झाले आहे.

सह्याद्रीच्या बाबतीत एक गैरसमज मात्र घट्ट रुजला आहे: हा डोंगर पावसाळ्यातच पाहावा. हिरवाई आणि धबधबे यांच्यापुढे काही मंडळींना दुसरे काही दिसत नाही. वस्तुस्थिती उलटी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा डोंगर बनला. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ आधी झिजले आणि कड्याला पायऱ्या पडल्या. घाटमाथा आणि कोकण यांच्या मधला पदर हा या झिजेचाच टप्पा. ही सगळी रचना पावसात गवताखाली आणि धुक्यात दडते. गवत पिवळे पडू लागले की एकेक थर मोजता येतो. दिवाळीनंतर हवा स्वच्छ असते, माघापर्यंत बरी राहते. पुढे धुरकट होते आणि वणव्यांचा धूर त्यात भर घालतो.

ऋतूइतकीच महत्त्वाची आहे दिशा. सह्याद्रीचे मोठे कडे पश्चिमेला, कोकणाकडे तोंड करून उभे आहेत. सकाळी ते सावलीत असतात आणि चित्रात नुसती काळी भिंत येते. दुपार कलली की ऊन कड्यावर तिरपे पडते, नळ्या, कपारी, सोंडा वेगळ्या होतात. म्हणून कडा टिपायचा तर माथ्यावर गर्दी करण्यापेक्षा तळाच्या गावात थांबलेले बरे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा बेलपाड्याहून दुपारनंतर जसा दिसतो, तसा वरून कधीच दिसत नाही. वर सकाळी जावे ते इंद्रवज्रासाठी. सूर्य पाठीशी आणि खाली ढग असले तर माणसाच्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य उमटते. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी इथेच ते पाहिल्याची नोंद आहे.

शिखरे आणि किल्ले यांच्यामध्ये उपेक्षित राहिल्या त्या घाटवाटा. कळसूबाईच्या 1646 मीटर उंचीचा फलक हजारदा टिपला जातो, पण मढे घाटाची वळणे क्वचित. नाणेघाटात सातवाहनांच्या लेण्यातला शिलालेख आणि दगडी रांजण आहे. त्याच वाटेने व्यापार चालला. खांडसहून भीमाशंकरला चढणारे गणेश घाट आणि शिडी घाट म्हणजे एकाच डोंगराच्या दोन तऱ्हा, एक ऐसपैस आणि एक उभी. अशा वाटेचे चांगले चित्र म्हणजे चालणाऱ्याच्या उंचीवरून घेतलेली, पुढे वळणारी, झिजलेली पायवाट. तिच्यावर डोक्यावर मोळी घेतलेले माणूस आले तर कड्याचे मापही कळते. ड्रोनमधून वाट नुसती रेघ दिसते, चढ दिसतच नाही. आताच्या मंडळींना ठिकाण कोणत्या कोनातून घ्यायचे ते आधीच माहीत असते. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर तर त्या कोनासाठी रांग लागते.

किनाऱ्याचा हिशेब वेगळा. सूर्यास्ताची चित्रे सोडून द्यावीत, ती सगळीकडे सारखीच येतात. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग पाण्यात पश्चिमेला आहे, तेव्हा त्याच्या तटावर ऊन सकाळी पडते. राजपुरीहून दिसणाऱ्या जंजिऱ्याचेही तेच. उरतो प्रश्न पाण्याचा. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांवर ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराच्या सुमारास, म्हणून ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. उधाणाचे दिवस असल्याने पाणी दूरवर हटते आणि ओल्या वाळूत कोवळे ऊन सापडते. हरिहरेश्वरची समुद्राकडची प्रदक्षिणाही ओहोटीलाच करावी लागते.

हेदवीची बामणघळ मात्र उलट. तिथे पाणी अरुंद घळीत घुसून उसळते, त्यासाठी भरतीच हवी, तीही उधाणाची. वेळ दुपारची असते, पण त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. इतक्या अरुंद घळीत तिरपे ऊन उतरत नाही, डोक्यावरचेच उतरते. कडेला मात्र उभे राहू नये.