खाडीचे वाढते पाणी आणि डोलवी परिसरातील खारबांध

पेण तालुक्यात धरमतर खाडीच्या काठी डोलवी गाव आहे. त्याच्या आसपासची खारी भातशेती ही मूळची समुद्राची भूमी होय. जेथे भरतीचे पाणी दिवसातून दोनदा येऊन जात असे, तेथे मातीचे बांध घालून व उघाड्या बसवून पूर्वजांनी ती खाडीकडून मिळविली. उधाणाच्या वेळी बांधाबाहेरचे पाणी आतील शेतापेक्षा उंच असते. तेव्हा येथील शेतकऱ्याची मदार कशावर आहे हे निराळे सांगावयास नको.

अशा शेतकऱ्यास हवामानातील बदल हा परक्या देशांचा विषय वाटू नये. १९०१ ते २०१८ ह्या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी, म्हणजे जवळजवळ एक वीत, वाढली. १९७१ पर्यंत ही वाढ वर्षाकाठी १.३ मिलिमीटर होती; २००६ ते २०१८ ह्या वर्षांत ती ३.७ मिलिमीटर झाली. तापल्याने पाणी फुगते व हिमनद्या वितळून समुद्रास मिळतात, ही त्याची दोन प्रमुख कारणे होत.

एवढ्याशा वाढीने काय होणार, असे कोणी विचारील. बांधावरून पाणी लोटेल तेव्हाच हानी होईल, असा समज आहे; तो बरोबर नाही. पहिला परिणाम उघाडीवर होतो. उघाडीची झडप भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटी लागून खाडीचे पाणी शेतातील पाण्याखाली उतरले म्हणजे उघडते. खाडीची पातळी जसजशी चढेल, तसतसा झडप उघडी राहण्याचा अवधी कमी होईल. मग आषाढातील मुसळधार पाऊस आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण एकाच वेळी आले की पावसाचे गोडे पाणीच शेतात तुंबते व रोपे कुजतात. बांध शाबूत असूनही पीक जाते ते असे. आणि खांड पडलीच तर आत शिरलेले मीठ धुऊन निघण्यास दोन-तीन पावसाळे जावे लागतात. खांड बुजविण्यास विलंब झाल्यास शेतात कांदळवन उगवते. २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते परस्पर तोडता येत नाही.

पूर्वी बांधांची निगा शिलोत्रदारांकडे असे. शेतसाऱ्याखेरीज ते कुळांकडून भात घेत आणि त्याबदली समुद्राकडील बांध राखीत. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापासून कूळ जमिनीचा मालक होऊ लागला. ही न्यायाची गोष्ट झाली; परंतु शिलोत्रदाराबरोबर त्याची जबाबदारीही गेली, आणि ती उचलण्यास गावकीची एकजूट सर्वत्र पुरी पडली नाही. १९४८ चा मुंबई खार जमीन अधिनियम व पुढे १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम ह्यांमुळे पुष्कळ बांधांचे काम शासनाकडे आले. तथापि खेकड्याचे बीळ रुंदावण्यापूर्वी चिखलाचा गोळा दाबणे, हे काम कोणत्याही कचेरीतून होणारे नव्हे.

ह्या कामास माणसे कोठून आणावयाची, हा खरा पेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी १.७ अपत्ये आढळली. पिढीची जागा पिढीने भरून काढण्यास सुमारे २.१ लागतात. लहान कुटुंब सुखाचे खरे, पण घरटी दोन गडी बांधावर जाण्याचे दिवस त्याबरोबर सरले. जी तरुण मंडळी आहेत, त्यांना मुंबई व पनवेल जवळ आहेत आणि कारखाना तर दाराशीच आहे.

डोलवीच्या पोलाद कारखान्याची मालकी २०१० च्या अखेरीस इस्पात इंडस्ट्रीजकडून जे. एस. डब्ल्यू. स्टीलकडे आली. खनिज व कोळसा धरमतर खाडीतूनच येतात. झोतभट्टीत लोहखनिजातील प्राणवायू काढून घेण्यासाठी कोळशाचा कोक लागतो. ह्या मार्गाने एक टन पोलाद करताना साधारण दोन टनांहून अधिक कर्बवायू हवेत जातो. जगभर हीच रीत अधिक प्रचलित आहे. नैसर्गिक वायूवर केलेल्या स्पंज लोखंडात हे प्रमाण कमी असते. हायड्रोजन वापरण्याचे प्रयत्न अनेक देशांत चालू आहेत. कर्बवायूचे निव्वळ उत्सर्जन २०७० पर्यंत शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले. ते साधले तरी समुद्र लगेच थांबणार नाही, कारण खोल पाण्यात मुरलेली उष्णता शतकानुशतके आपले काम करीत राहते. म्हणून खाडीकाठच्या गावाने दोन्ही गोष्टी एकदम धराव्यात: मुलांना नव्या उद्योगाचे शिक्षण द्यावे आणि बांधाची उंचीही वाढवीत न्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मेअखेरच्या उधाणाला शेतकऱ्यांसह बांधावरून चालत जावे. कोठे माती खचली आहे, कोठे पाझर लागला आहे, कोणत्या उघाडीच्या फळ्या कुजल्या आहेत, ह्याची नोंद करून खारभूमी विभागास पावसापूर्वी कळवावे. ज्या शेतात मीठ वर येते तेथे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेले पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ हे क्षारसहनशील वाण घ्यावेत. बियाण्यास मोड आणून रहू पेरणी करावी. मात्र पहिल्या जोरदार पावसाचे पाणी शेतात साठवून ते मिठासह ओहोटीला उघाडीतून सोडून दिल्यानंतरच.