एक कोटी लेव्हल आणि एकच कुलूप

एप्रिल 2024 मध्ये सोनीने एक छोटी सूचना काढली. ‘लिटल बिग प्लॅनेट 3’ या व्हिडिओ गेमचे सर्व्हर तांत्रिक अडचणीमुळे जानेवारीपासून बंद होते, ते आता बेमुदत बंदच राहतील. या मालिकेचे प्लेस्टेशन 3 वरचे सर्व्हर त्याआधीच, 2021 मध्ये, सायबर हल्ल्यांपायी गेले होते. खेळणाऱ्यांनी बांधलेल्या एक कोटीहून जास्त लेव्हलना असं कुलूप लागलं. जानेवारीत शेवटचं खेळून घ्या, असंही कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

इंग्लंडमधल्या गिल्डफर्डला 2006 मध्ये मार्क हीली, अलेक्स इव्हान्स, डेव्ह स्मिथ आणि करीम एटुनी या चौघांनी मीडिया मॉलिक्यूल हा स्टुडिओ काढला. त्यांच्या पहिल्या ‘लिटल बिग प्लॅनेट’चा नायक सॅकबॉय म्हणजे पोटावर चेन असलेला, सुताने विणलेला बाहुला. त्याला धावता येतं, उडी मारता येते आणि हाताला लागेल ते धरून ओढता येतं. कोडी एवढ्यावरच सोडवायची. खरी गंमत मात्र पुढे होती. स्टुडिओने आपल्या लेव्हल ज्या साधनांनी रचल्या, जवळपास तीच खेळणाऱ्याच्या हातात दिली: लाकूड, स्पंज, पुठ्ठा, काच, दोऱ्या, पिस्टन, स्विच. प्रत्येक वस्तूला आपलं वजन आणि आपलं घर्षण. रचनेचा तोल चुकला की डोळ्यांदेखत कोसळायची. पडद्याच्या कडेला थर्मामीटर असायचा. तो भरला की नवं काही मांडता येत नसे, काहीतरी काढून जागा करावी लागे. मला वाटतं, चांगल्या रचनाकारांना या थर्मामीटरनेच घडवलं.

2008 च्या ऑक्टोबरात, ऐन विक्रीच्या तोंडावर, या खेळाच्या छापून तयार असलेल्या डिस्का परत मागवल्या गेल्या. मालीचे कोरावादक तुमानी दियाबाते यांच्या एका गाण्यात कुराणातले शब्द असल्याचं लक्षात आलं होतं. दियाबाते स्वतः मुसलमान. त्यांना त्यात वावगं काहीच दिसत नव्हतं. तरी गाण्याचे शब्द काढून खेळ काही दिवस उशिरा आला. तीर्थयात्रेसारखा जगभर हिंडणारा हा खेळ भारतातही येतो: ‘द टेम्पल्स’मध्ये नर्तकींचा दरबार आहे, हत्तीचं मंदिर आहे, जादूगाराचा महाल आहे. दूरवरून पाहिलेला, पोस्टकार्डावरचा हिंदुस्थान, पण रंग मन लावून भरलेले.

लोकांनी काय बांधलं? 2009 च्या मध्यापर्यंतच दहा लाख लेव्हल झाल्या. खरं बोलायचं तर त्यातला मोठा भाग रद्दी होता. बॉम्ब आणि शार्कपासून जीव वाचवायच्या लेव्हल, बसल्याजागी ट्रॉफी मिळवून देणाऱ्या लेव्हल, ‘मला हार्ट दे, मी तुला देतो’ असले सौदे. पण त्याच पसाऱ्यात कुणी पिस्टन आणि स्विच जोडून बेरीज करणारं गणकयंत्र उभं केलं. काही रचनाकारांना स्टुडिओने थेट नोकरीवर घेतलं. दुसरीकडे, नोव्हेंबर 2008 मध्येच अनेकांच्या लेव्हल कारण न सांगता काढून टाकल्या गेल्या. निन्टेंडो कंपनीच्या मारिओची नक्कल केलेल्यांचं समजू शकतं, बाकीच्यांना मात्र आपलं काय चुकलं तेही कळलं नाही. पुढच्या कुलपाची चुणूक तेव्हाच मिळाली होती. कौतुकाच्या भरात तिकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

इकडे गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यासारख्या गावात या सगळ्याची वार्ता यायचं कारणच नव्हतं. प्लेस्टेशनला चाळीस हजारांच्या आसपास मोजायचे, आणि त्या वर्षांत मराठवाड्यातल्या खेड्यांत लोडशेडिंग अर्धा अर्धा दिवस चालायचं. त्वरिता देवीच्या या गावी स्वतःच खेळ रचायची कल्पना आली ती बऱ्याच उशिरा, 2016 नंतरच्या स्वस्त डेटावर, मोबाइलमधून. माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स, फ्री फायर मॅक्सचं क्राफ्टलँड: नकाशा आपला, नियम आपले, जागा मात्र कंपनीची. फेब्रुवारी 2022 मध्ये सरकारने मूळ फ्री फायरवर बंदी घातली तेव्हा ‘आपलं’ म्हणजे किती आपलं, हे गावोगावच्या पोरांना एका दिवसात उमगलं.

योगायोग असा, की सोनीची सूचना आली त्याच एप्रिलच्या 8 तारखेला निन्टेंडोने पहिल्या ‘सुपर मारिओ मेकर’चे, म्हणजे लेव्हल रचायच्याच आणखी एका खेळाचे, ऑनलाइन सर्व्हर बंद केले. पण निन्टेंडोने आगाऊ सांगितलं होतं. त्यामुळे कुणालाच एकदाही पार न झालेल्या लेव्हल शोधून, ती तारीख येण्याआधी संपवण्याची मोहीम खेळणाऱ्यांना शेवटाला नेता आली. आगाऊ सूचना देण्याने कंपनीचं काय नुकसान झालं, हे मला तरी दिसलेलं नाही.

सोनीच्या खेळात डिस्कवर आहे ते राहिलं. हत्तीचं मंदिर आजही खेळता येतं, कारण ते स्टुडिओचं. ज्यांनी आपली लेव्हल स्वतःच्या यंत्रावर साठवली, त्यांना ती उघडता येते. उरलेल्यांसाठी चाहत्यांनी जुन्या लेव्हल उतरवून ठेवल्या आणि स्वतःचे सर्व्हर उभारले. कंपनीची त्याला मान्यता नाही, पण मूळ यंत्र नसलं तरी संगणकावर आरपीसीएस3 हा एम्युलेटर टाकून तिथे जाता येतं.