किशोरांना वाचनालयात टिकवायचे तर हातांना काम द्या

शाळकरी भीमरावांना केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ही आठवण नोंदवली आहे. योग्य वयात हाती पडलेले पुस्तक आयुष्य घडवते.

आज नेमका हाच वयोगट वाचनालयातून गळतो. बालविभागात त्यांना लहान झाल्यासारखे वाटते, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत जागा नसते. ज्या घरात पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरे पुस्तक नाही, तिथल्या मुलांचे नुकसान सर्वाधिक होते.

उपाय सोपा आहे. रविवारी दोन तास ठेवा. आधी एका प्रकरणाचे सामूहिक वाचन, मग हस्तकला: कोऱ्या पानांची वही शिवणे, फाटकी पुस्तके बांधणे, 1927 च्या महाड सत्याग्रहाची कार्डशीटवर कालपट्टी करणे. हात कामात असले की मुले मोकळेपणाने बोलतात. वाचताना अडखळणाऱ्यालाही मान मिळतो.

1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यताप्राप्त वाचनालयांना शासन अनुदान देते. तो आपलाही पैसा आहे. कार्यकर्त्यांनी तिथे किशोरांसाठी कोपरा मागावा आणि विहारातल्या पुस्तकांच्या कपाटाचे कुलूपही काढावे.

जयभीम! नमो बुद्धाय!