श्यामची आई आणि श्यामाची आई

मराठी वाङ्मयात आई पुष्कळ आहे. इतकी आहे, की 'माझी आई' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, तर कोणतेही मूल पाठ्यपुस्तकातली दोन-चार वाक्ये उसनी घेऊन पानभर मजल सहज मारते. यशवंतांची 'आई' आहे, माधव जूलियनांची 'प्रेमस्वरूप आई' आहे, आणि या सर्वांवर कळस म्हणून साने गुरुजींची 'श्यामची आई' आहे. गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी तिचा चित्रपट केला आणि पुढल्या वर्षी त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. आमच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला बाणकोटची खाडी ओलांडून थोडे पुढे गेले की श्यामच्या आईचा दापोली तालुका लागतो. तेव्हा ती आम्हां रायगडकरांना शेजारचीच वाटते.

पण वाचकहो, एक गोष्ट आपल्या ध्यानात आली आहे काय? या सगळ्या आया मुलग्यांनी पाहिलेल्या आहेत. मुलगा दूर गेला, मोठा झाला, आई निवर्तली, आणि मग त्याला तिची थोरवी उमगली. या आठवणीतली आई नेहमी देव्हाऱ्यातच बसते. आता श्यामच्या जागी श्यामा असती तर? पोहायला भिणाऱ्या श्यामला आईने विहिरीवर पिटाळले. श्यामाला बहुधा विहिरीवरून घरात बोलावून घेतले असते. श्यामाने आईवर पुस्तक लिहिले असते, तर ते रडवणारे झाले असते यात शंका नाही. मात्र रडण्याची कारणे वेगळी असती.

वीस वर्षे मी मराठी शिकवीत आले. मायलेकींच्या नात्यातला अवघडपणा आपल्या कथा-कादंबऱ्यांत फार उशिरा आला, असे मला नेहमी वाटत आले आहे. तो उशिरा का आला, याचे कारण वाङ्मयात शोधून सापडत नाही. ते लग्नाच्या वयात सापडते.

आमच्याकडे आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवळे म्हणते. जात्यावरच्या ओव्या तर साऱ्या महाराष्ट्राच्या. या गाण्यांत सासूवर, नणंदेवर, जावेवर काय काय म्हणून घेतलेले नाही! आईच्या वाट्याला मात्र साखरच. बायकांना आईविषयी तक्रार नव्हती म्हणून का? तसे मला वाटत नाही. आठव्या-नवव्या वर्षी मुलगी सासरी गेली, की आई हे माणूस राहतच नाही, ते एक गाव होते. त्या गावाचे नाव माहेर. गावाशी कोणी भांडत नाही. तिथे जायला मिळाले नाही तर रडते, एवढेच. भांडण व्हायचे तर दोन माणसांनी एका घरात पुष्कळ दिवस राहावे लागते, आणि दोघींनाही मते असावी लागतात.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली सुरू झालेल्या आपल्या 'करमणुकी'त 'पण लक्षांत कोण घेतो?' लिहायला घेतली. यमूच्या तोंडून तिचीच कहाणी सांगणारी ही कादंबरी. तिच्यातली आई नवऱ्याच्या धाकात वावरणारी, सोशिक, मायाळू. यमूला तिच्यावर रागवायला सवडच मिळत नाही. आई जाते आणि मुलगी तिच्याच वाटेने चालू लागते. आपल्या आईने हे सारे मुकाट्याने सोसले, म्हणून आपल्यालाही सोसायला शिकवले, असा प्रश्न यमू विचारीत नाही. तो विचारण्याइतके आयुष्य तिला माहेरी मिळालेच नव्हते.

१९२९ साली सारडा कायदा झाला, मुलीच्या लग्नाचे वय निदान कागदावर चौदा झाले, आणि शहरांतल्या पांढरपेशा घरांत ते त्याही पुढे गेले. मुली मॅट्रिक झाल्या, काही शाळांत शिकवू लागल्या, पगार आणू लागल्या. विशीतली, अविवाहित, कमावती मुलगी आईच्या स्वयंपाकघरात उभी राहिली. हे माणूस त्या घराने याआधी पाहिलेलेच नव्हते. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले आणि एकच गहजब उडाला. विभावरी शिरूरकर या नावाआड कोण दडले आहे, याची चर्चा पुस्तकाहून अधिक झाली. त्या मालतीबाई बेडेकर, माहेरच्या बाळूताई खरे. त्या संग्रहातल्या एका कथेचे नावच आहे 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' शीर्षकात बाबा आहेत खरे; पण संसार चालवते ती आई, आणि मुलीचा पगार डाळ-तांदळात रूपांतरित होतो तो आईच्या हातून. या कथांनी लोक खवळले ते शृंगारामुळे, असे सांगण्याची रीत आहे. मला वाटते, त्यांना खरी झोंबली ती दुसरी गोष्ट: मुलीचे लग्न लांबले तर घराला ते सोयीचे असू शकते, ही.

हाच धागा मला साठेक वर्षांनी शांता गोखल्यांच्या 'रीटा वेलिणकर'मध्ये सापडतो. ही कादंबरी १९९० च्या सुमारासची. रीटा घरातली थोरली मुलगी, पाठीवर बहिणी, आणि घर चालवायचे तिच्या पगारावर. आई स्वतःतच गुंतलेली. मुलगी पैसे आणते हे तिला दिसते. मुलगी मोडत चालली आहे हे दिसत नाही. शेवटी रीटाचे मन खरोखरच मोडते आणि तिला रुग्णालयात न्यावे लागते. या आईला खलनायिका म्हणून मोकळे होता येत नाही, हे लेखिकेचे बळ. तिलाही कोणी कधी काही विचारले नसावे, असे वाचताना वाटत राहते. तरी राग जात नाही. पदव्युत्तर वर्गात मी ही कादंबरी लावते, तेव्हा मुली पहिले दोन तास बोलतच नाहीत. तिसऱ्या तासाला बोलू लागल्या की घंटा ऐकू येत नाही.

दुसरी एक आई आहे ती घर सोडून जाणारी. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून जब्बार पटेलांनी १९८२ साली 'उंबरठा' काढला. स्मिता पाटीलची सुलभा लहान मुलीला जावेच्या ओटीत टाकून महिलाश्रमाची अधीक्षिका म्हणून निघून जाते. आमच्या घरी त्या चित्रपटावरून पुढे कितीतरी वर्षे वाद होत असे. 'पोर टाकून गेली ती कसली आई' हा निकाल देणाऱ्या बहुतेक बायकाच. नोकरीसाठी बाहेरगावी राहणाऱ्या बापाविषयी असा निकाल मी कधी ऐकला नाही. परंतु मुलीच्या बाजूने ती गोष्ट चित्रपटाने सांगितली नाही. ती सांगितली बंगालीत आशापूर्णा देवींनी. 'प्रथम प्रतिश्रुती' (१९६४) मधली सत्यवती, आपल्या नऊ वर्षांच्या लेकीचे लग्न आपल्याला न विचारता उरकले म्हणून घरदार सोडते. केवढा मानी निषेध! पण पुढच्याच 'सुवर्णलता' या कादंबरीत ती लेक मोठी होते, आईच्या या निषेधाबद्दल सासरचे टोमणे जन्मभर खाते, आणि 'आई मला सोडून गेली' हा सल उरी बाळगते. आईचे बंड लेकीच्या अंगावर कोसळते, हे दाखवायला आशापूर्णा देवींना दुसरी कादंबरी लिहावी लागली. मग 'बकुलकथा' ही तिसरी, नातीची. १९७६ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. तीन पिढ्यांचा असा सलग हिशेब मराठीत कोणी मांडावा अशी माझी फार इच्छा आहे.

नाही म्हणायला रंगभूमीने तो थोडा मांडला. प्रशांत दळवींचे 'चारचौघी' १९९१ साली आले. विवाहित पुरुषाशी संबंध ठेवून, त्याच्याशी लग्न न करता, तीन मुली ताठ मानेने वाढवणारी शिक्षिका आई, आणि आपापल्या आयुष्याचे निर्णय घेताना आईच्या त्या निर्णयावर पुनःपुन्हा अडखळणाऱ्या तिघी लेकी. २०२२ साली ते नव्या संचात आले. त्या वेळीही प्रेक्षागृहात मायलेकींच्या जोड्या बसल्या होत्या. मध्यंतरात त्या एकमेकींशी न बोलता बटाटेवडे खात होत्या, हे मी स्वतः पाहिले.

इंगमार बर्गमन या स्वीडिश दिग्दर्शकाचा 'ऑटम सोनाटा' (१९७८) मी पुष्कळ उशिरा पाहिला. आई जगविख्यात पियानोवादक; मुलगी पाद्र्याची बायको, हौसेने थोडेसे वाजवणारी. मुलगी आईपुढे शोपँची एक रचना वाजवून दाखवते. आई ऐकते, कौतुकाचे दोन शब्द बोलते, आणि मग त्याच पियानोवर तीच रचना खरी कशी वाजवायची ते वाजवून दाखवते. मुलगी आईच्या चेहऱ्याकडे बघत राहते. बस्स, एवढेच! पण यात कोणते घर नाही? दिवाळीचा फराळ चालू असतो, मुलगी करंजीला मुरड घालते, आई 'छान झाली हो' म्हणते आणि तीच करंजी उचलून पुन्हा मुरड घालते. आपल्या लेखकांना हा प्रसंग कधी दिसला नसेल असे नाही. तो लिहिण्याजोगा आहे असे वाटले नाही, इतकेच.

अवनी डोशी यांची 'बर्न्ट शुगर' ही इंग्रजी कादंबरी २०२० साली बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. ती घडते आपल्या पुण्यात. आईचे नाव तारा, मुलीचे अंतरा. आई तरुणपणी संसार सोडून आश्रमात गेली आणि लहान मुलीलाही तिथल्या हालांत घेऊन गेली. आता आईची स्मृती ढळू लागली आहे आणि तिला सांभाळायचे आहे ते या मुलीने. जिच्यावर खटला चालवायचा, तिलाच गुन्हा आठवत नाही! असा पेच मी दुसरीकडे वाचलेला नाही. पुस्तक कठोर आहे, मध्येमध्ये किळस यावी इतके. सर्वांना आवडेल असे मी म्हणणार नाही. परंतु आईची सेवा आणि आईचा राग एकाच हाताने करता येतात, हे त्यात दिसते, आणि ज्यांच्या घरी म्हातारी आई आहे त्या बायकांना ते खोटे वाटणार नाही.

इथवर आलेल्या बहुतेक आया लिहित्या-वाचत्या घरांतल्या. आमच्या वर्गात बसणाऱ्या मुली मात्र रेवदंडा, चौल, थेरोंडा, नवगाव इथून एसटीने येतात, आणि त्यांतल्या कित्येकींच्या आयांनी शाळेचा उंबरा पाहिलेला नाही. दोन वर्षांपूर्वी मी तृतीय वर्षाला 'कादंबरीतली आई' यावर दोन पाने लिहून आणावयास सांगितले. एका मुलीने कादंबरी बाजूला ठेवली आणि स्वतःच्या आईवर लिहिले. आई मासळी विकते. पहाटे पाटी घेऊन निघते, दुपारी येते, मुलीला हिशेब करायला बसवते. 'आईला माझे मार्क कळतात, मी कळत नाही,' असे त्यात होते. आणखीही होते. ते तिचे आहे, मी ते इथे लिहिणार नाही.

पुढच्या आठवड्यात तिची आई महाविद्यालयात आली. बाजार आटोपून सरळ आलेली, केसांत अबोलीचा गजरा. पोरीने आपल्यावर काहीतरी लिहिले आहे असे तिला कोणाकडून तरी कळले होते. तिला ते पान वाचून दाखवायला हवे होते. स्वतःला वाचता येत असते तर आले नसते, असेही तिने सांगितले. पान माझ्या खणात होते. वाचावे, तर मुलीचा विश्वास मोडतो. न वाचावे, तर अक्षर न येणाऱ्या बाईला आपण अक्षराच्या जोरावर दारातून परत पाठवतो. शेवटी मी म्हटले, पान तुमच्या लेकीचे आहे, तिलाच वाचायला सांगा. बाई माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. 'ती वाचंल?' तिने विचारले. मी म्हटले, ठाऊक नाही. 'वाईट लिवलंय ना?' यावर मी काही बोलले नाही. 'मंग खरंच असंल,' असे म्हणून तिने पाटी उचलली आणि ती गेली.

मी पान मुलीला परत दिले आणि आई येऊन गेल्याचे सांगितले. ती आधी पांढरीफटक पडली, नंतर रागावली, माझ्यावरही. मग तिने विचारले, की लिहिणाऱ्या मुलीची आणि न लिहिणाऱ्या आईची गोष्ट कोणत्या पुस्तकात आहे.

तशी कादंबरी मला आठवेना. मी तिला ऊर्मिला पवारांचे 'आयदान' दिले. ते आत्मचरित्र, २००३ सालचे. पण आमच्या कोकणातले. वडील गेल्यावर आई बांबूची आयदाने, म्हणजे सुपे-टोपल्या, विणून घर चालवते. ती फारसे बोलत नाही. तिच्या विणण्याशी आपल्या लिहिण्याचा धागा जुळतो, असे लेखिकेला वाटते. ती आई सोपी नाही, आणि तिला देव्हाऱ्यातही बसवलेले नाही. तिच्या बोटांकडे मात्र लेखिकेने इतके निरखून पाहिले आहे, की ते पाहणे हेच एक प्रकारचे बोलणे झाले आहे. ते पुस्तक वाचताना मला पहिल्यांदाच वाटले, की श्यामाने लिहिले असते तर कदाचित असे लिहिले असते.

दोन पानांचे घरी पुढे काय झाले, ते मी विचारले नाही. 'आयदान' तिने ग्रंथालयात वेळेवर परत केले नाही. दंड लागेल म्हणून शिपायाने निरोप दिला, तेव्हा तिने कळवले की अजून पंचवीस पाने उरली आहेत. आई रात्री दमलेली असते, तेव्हा रोज दोनच पाने वाचून होतात.