सरोवराकाठच्या जुन्या पेढ्या

झुरिच किंवा म्युनिक येथे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणाऱ्या आपल्या समाजातील कुटुंबांची संख्या अलीकडे वाढली आहे. आठवडाभर मुले कामात असतात. शनिवार-रविवार हाती येतो, तेव्हा बहुतेकांची पावले बर्फाच्छादित शिखरांकडे वळतात. ती शिखरे सुंदर आहेत यात शंका नाही. परंतु ज्यांच्या घरात तीन-चार पिढ्या दुकान आणि पेढी चालत आली आहे, त्यांना अधिक जवळचा वाटेल असा एक प्रदेश या दोन्ही शहरांपासून रेल्वेने दोन-अडीच तासांच्या आत आहे. तो म्हणजे कॉन्स्टन्स सरोवराचा काठ.

जर्मन भाषेत या सरोवराला बोडेनझे म्हणतात. सुमारे 536 चौरस किलोमीटरच्या या जलाशयाच्या काठावर जर्मनी, स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया अशी तीन राष्ट्रे आहेत. सरोवराच्या मोठ्या भागात या राष्ट्रांची सीमा नेमकी कोठून जाते, याविषयी त्यांच्यात आजवर करार झालेला नाही, आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेलेही नाही. तिन्ही देश शेंगेन व्यवस्थेत असल्याने एकाच व्हिसावर फिरता येते. मात्र पासपोर्ट जवळ बाळगावा, आणि खिशात युरो व फ्रँक दोन्ही असावेत.

झुरिचहून निघालेली गाडी सव्वा तासाच्या आसपास कॉन्स्टान्झला पोहोचते. स्थानकाबाहेर येताच बंदर, आणि बंदरावर उंच उतरत्या छपराची एक भव्य वास्तू. प्रथमदर्शनी ती धर्मस्थळ किंवा राजवाडा वाटते. प्रत्यक्षात ती वखार आहे. 1388 साली इटलीशी चालणाऱ्या व्यापारासाठी ती बांधण्यात आली. आल्प्सच्या खिंडी ओलांडून आलेला माल येथे उतरे, तोलला जाई आणि साठवला जाई. येथून बाहेर जाणारा मुख्य माल म्हणजे अळशीच्या धाग्याचे कापड, ज्याला आपण लिनन म्हणतो. इटलीच्या बाजारात ते कॉन्स्टान्झच्याच नावाने ओळखले जात असे.

या वखारीला इतिहासात स्थान मिळाले ते मात्र कापडामुळे नव्हे. 1414 ते 1418 या काळात येथे ख्रिस्ती धर्माची महापरिषद भरली. त्या वेळी तीन जण एकाच वेळी पोपपदावर हक्क सांगत होते. अखेर 1417 च्या नोव्हेंबरमध्ये 53 निर्वाचकांना याच वखारीत बंद करून घेण्यात आले आणि तिसऱ्या दिवशी पाचवे मार्टिन हे पोप म्हणून निवडले गेले. आल्प्सच्या उत्तरेस झालेली पोपची ही एकमेव निवडणूक होय. सहा-आठ हजार वस्तीच्या गावात कित्येक पट पाहुणे येऊन राहिले होते. पावाच्या भट्टीवाल्यापासून सराफापर्यंत त्या चार वर्षांत कोणाचा किती धंदा झाला असेल, याची कल्पना व्यापाऱ्याने करावी.

त्याच परिषदेची दुसरी आठवण काळीज हलवणारी आहे. बोहेमियातील धर्मसुधारक यान हुस यांना सम्राट सिगिस्मुंडने अभयपत्र देऊन येथे बोलावले होते. ते आले, कैद झाले, आपली मते मागे घेण्यास त्यांनी नकार दिला आणि 6 जुलै 1415 रोजी त्यांना जिवंत जाळण्यात आले. त्या ठिकाणी आज एक मोठा दगड आहे. हुंडीवर लिहिलेला शब्द शेकडो कोसांवर पाळला जाईल या विश्वासावर ज्या शहराचा धंदा चालत होता, त्याच शहरात सम्राटाने दिलेला शब्द फिरला.

आजच्या कॉन्स्टान्झमध्ये शनिवारी पाहण्यासारखे आणखी एक दृश्य आहे. शेजारचे क्रॉइट्सलिंगन हे गाव स्वित्झर्लंडमध्ये आहे आणि दोन्ही वस्त्या एकमेकींना इतक्या चिकटल्या आहेत की सीमा ओलांडल्याचे कळतही नाही. स्वित्झर्लंडमध्ये वस्तू महाग, म्हणून स्विस ग्राहक शनिवारी लोटतात. खरेदीवर जर्मन विक्रीकर, बहुतेक वस्तूंवर 19 टक्के व अन्नधान्य आणि पुस्तकांवर 7 टक्के, सीमेवर शिक्का मारून घेतला की परत मिळतो. त्यासाठी पन्नास युरोहून अधिक खरेदीची अट 2020 पासून लागू झाली. दुसऱ्या बाजूने स्वित्झर्लंडने 2025 पासून करमुक्त आणता येणाऱ्या मालाची मर्यादा माणशी 300 फ्रँकवरून 150 वर आणली. म्हणजे एका बाजूस गिऱ्हाईक ओढण्याची धडपड आणि दुसऱ्या बाजूस ते रोखण्याची. हे चित्र आपल्या राज्यसीमांवरील बाजारपेठांना अपरिचित नाही.

कॉन्स्टान्झहून फ्रीड्रिशहाफेनपर्यंत वेगवान जलयान सुमारे पन्नास मिनिटांत पोहोचवते. तेथून रेल्वेने वीस मिनिटांच्या आत राव्हेन्सबुर्ग येते. हे गाव सरोवराच्या काठावर नाही, आणि प्रवासी पुस्तिकांत त्याला फारशी जागाही मिळत नाही. घरोघरी मुले जोडतात ती जिगसॉ कोडी बनवणारी कंपनी येथलीच, एवढीच त्याची सर्वसामान्य ओळख. तरीही या दोन दिवसांत एकाच ठिकाणी सवडीने थांबायचे असेल, तर ते येथे थांबावे.

1380 च्या सुमारास राव्हेन्सबुर्गचे हुम्पिस, कॉन्स्टान्झचे मुंटप्राट आणि बुखहॉर्नचे म्योटेली या तीन घराण्यांनी भागीदारीत एक पेढी काढली. बुखहॉर्न म्हणजेच आजचे फ्रीड्रिशहाफेन. पुढे अनेक कुटुंबे भागीदार झाली. बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, जिनिव्हा, मिलान, जेनोवा, न्यूरेंबर्ग, अँटवर्प अशा ठिकाणी या पेढीच्या शाखा होत्या. स्वतःच्या प्रदेशातले लिनन आणि सुती-लिनन मिश्र कापड दक्षिणेकडे जाई, आणि परतीच्या खेपेत लोकर, रेशीम, मसाले व स्पेनमधील केशर येई. केशराची पारख, त्यातील भेसळ आणि त्याचा चढता-उतरता भाव ही त्या काळच्या गुमास्त्यांची नित्याची चिंता असे. मंदिरात पूजेसाठी केशर घासणाऱ्या घरांना ही चिंता निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

ही पेढी दीडशे वर्षे चालली आणि 1530 मध्ये बंद झाली. ती बुडाली असे म्हणणे बरोबर होणार नाही. दिवाळे निघाले नाही, आग लागली नाही, राजाने जप्ती आणली नाही. व्यापाराचे मार्ग अटलांटिककडे सरकले हे खरे. आउग्सबुर्गच्या फुगर व वेल्झर घराण्यांनी राजेरजवाड्यांना कर्जे आणि खाणी अशा जोखमीच्या धंद्यांत उडी घेतली, राव्हेन्सबुर्गकरांनी सावध राहून मालाचाच व्यापार धरून ठेवला, हेही खरे. परंतु इतिहासकार याबरोबर आणखी एक कारण देतात. भागीदारांनी मिळालेला नफा शेतजमिनी, गढ्या आणि सरदारी थाटात घातला. पुढच्या पिढीला जमीनदार म्हणवून घेणे अधिक मानाचे वाटू लागले. बार्सिलोनाच्या शाखेत वर्षानुवर्षे राहून परक्या भाषेत भाव करणारा मुलगा घरात उरला नाही. एकेक कुटुंब आपला हिस्सा काढून घेऊन बाहेर पडले.

पेढीचे हिशेब आणि पत्रव्यवहार यांचा काही भाग सालेम येथील मठात शतकानुशतके पडून होता. विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांच्या हाती तो लागला, आणि इतिहासकार आलॉईस शुल्टे यांनी 1923 मध्ये त्याच्या आधारे तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. राजांच्या वंशावळी सर्वत्र जपल्या जातात. चोपड्या मात्र अशा योगायोगाने वाचतात. हुम्पिस घराण्याचा वाडा, म्हणजे एकमेकांना लागून असलेल्या सात घरांचा समूह, आज संग्रहालय आहे. 2009 पासून तो लोकांसाठी खुला आहे. लाकडी तुळयांच्या त्या बुटक्या खोल्यांतून फिरताना कोणत्याही जुन्या पेठेतील वाड्याचा माजघर ते ओटी हा क्रम आठवल्यावाचून राहत नाही.

राव्हेन्सबुर्गला शनिवारी सकाळी आठवडे बाजार भरतो, तो चुकवू नये. येथेच भाजी, फळे, सुकामेवा घेऊन ठेवणे शहाणपणाचे, कारण जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, आणि या रविवारच्या विश्रांतीला राज्यघटनेचे संरक्षण आहे. स्वयंपाकघर असलेली खोली भाड्याने घेतल्यास आहाराचे नियम पाळणे सोपे जाते. उपाहारगृहात शाकाहारी म्हणून जे मिळते त्यात बटाटा व कांदा हटकून असतो, आणि श्पेट्झले या लोकप्रिय शेवयांत अंडे असते. चीजबाबत विशेष सावध राहावे. बहुतेक पारंपरिक स्विस चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून विरजलेले असते. वेष्टनावर ‘मिक्रोबिएल्लेस लाब’ असे लिहिले असेल, तर ते रेनेट प्राणिज नव्हे. चौविहार पाळणाऱ्यांनी ऋतूचाही विचार करावा. जूनमध्ये सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो, त्यामुळे दिवसभर हिंडूनही भोजन वेळेत होते. डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारासच अंधार पडतो.

रात्रीच्या मुक्कामाला लिंडाउ सोयीचे. पुलाने व रेल्वेच्या बांधाने किनाऱ्याशी जोडलेले हे छोटेसे बेट आहे. बंदराच्या तोंडाशी एका बाजूस दगडी सिंह आणि दुसऱ्या बाजूस दीपगृह आहे. दोन्ही 1856 ची. त्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. लिंडाउची खरी कथा रस्त्याची आहे. येथून मिलानपर्यंत दर आठवड्याला एक निरोप्या निघत असे. त्याच्याबरोबर पत्रे, रोकड, किमती माल आणि प्रवासीही जात. खिंडीतला तो मार्ग पाच-सहा दिवसांचा होता. ही सेवा पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालली, आणि इटलीहून परतताना कवी गटे यांनीही 1788 मध्ये तिचाच आधार घेतला. आंगडियाच्या भरवशावर हिऱ्यांची पुडकी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला या निरोप्याचा परिचय नव्याने करून द्यायला नको.

रविवारी सकाळी लिंडाउहून ऑस्ट्रियातील ब्रेगेंझ अवघ्या दहा-पंधरा मिनिटांवर. पाण्यावर उभारलेला तेथला रंगमंच उन्हाळ्यातील संगीत महोत्सवासाठी प्रसिद्ध आहे. तो बाहेरून पाहून पुढे निघावे, कारण सेंट गॅलनला अधिक वेळ द्यावा लागतो.

सेंट गॅलनचे मठ-ग्रंथालय हे युरोपातील ज्ञानभांडारांपैकी एक थोर भांडार. येथे सुमारे 2100 हस्तलिखिते आहेत. त्यांतील कित्येक हजार वर्षांहून जुनी आहेत. अठराव्या शतकातील दालनाची लाकडी फरशी झिजू नये म्हणून प्रत्येकाला पायात मऊ नमद्याच्या सपाता चढवाव्या लागतात. दारावर ग्रीक भाषेत ‘आत्म्याचे औषधालय’ अशा अर्थाचे शब्द आहेत. पाटण किंवा जैसलमेर येथील भांडारे पाहिलेल्यांना तुलना सुचेलच. फरक एवढा की, आपली जुनी पाने ताडाची, येथली जनावराच्या कातड्याची.

मठाच्या भिंतीपलीकडे मात्र गाव कापडवाल्यांचे आहे. कॉन्स्टान्झ मागे पडल्यावर लिननचा धंदा येथे एकवटला, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे कडक तपासणी. नगराच्या परीक्षकांनी पाहून प्रतीनुसार शिक्का मारल्याशिवाय कापड बाहेर जात नसे. धनिक व्यापाऱ्यांनी घरांना कोरीव लाकडी सज्जे काढले. असे 111 सज्जे आजही मोजता येतात. एका घराच्या सज्जावर जगातील चार खंड कोरले आहेत, कारण मालक आपला व्यवहार कोठवर पोहोचला आहे हे शेजाऱ्याला दाखवू इच्छित होता.

लिनननंतर भरतकाम आले. 1910 च्या सुमारास भरतकाम ही स्वित्झर्लंडची सर्वांत मोठी निर्यात होती आणि जगातील निम्म्याहून अधिक यांत्रिक भरतकाम या भागातून जात होते. शेतकऱ्यांच्या घराघरांत यंत्रे बसली. वडील यंत्र चालवीत आणि शाळेतून आलेली मुले संध्याकाळी शेकडो सुयांत दोरा ओवीत. मग पहिले महायुद्ध आले, पाठोपाठ फॅशन बदलली, आणि काही वर्षांत यंत्रे भंगारात गेली. धंद्यातले काही थोडे जण उंची लेसच्या आधारे टिकून राहिले.

त्या काळातील व्यापाऱ्यांची नमुन्यांची पुस्तके गावातील वस्त्रसंग्रहालयाने जपली आहेत. जाड पुठ्ठ्यांची, पानापानावर लेसचे तुकडे चिकटवलेली. संग्रहालयाच्या वेळा आधी पाहून ठेवाव्या. झुरिचची गाडी सुमारे तासाभराची. सेंट गॅलनची दुकाने रविवारी बंद असली, तरी झुरिचच्या मुख्य स्थानकातील दुकाने उघडी असतात, तेव्हा सोमवारच्या डब्याची भाजी तेथे घेता येते.