कपाटातला ‘तो’ एक शर्ट

तुमच्या वॉर्डरोबमध्ये एक तरी असा कपडा असणारच, जो तुम्ही घालत नाही आणि टाकतही नाही. कॉलेज फेस्टिव्हलचा, आता पोटावर न बसणारा टी-शर्ट. पहिल्या इंटरव्ह्यूला घातलेला ‘लकी’ फॉर्मल. किंवा ती ओढणी, जी कुणी दिली हे नवऱ्याला सांगायचं राहूनच गेलंय! दर दिवाळीच्या साफसफाईत ती वस्तू बाहेर येते, दोन मिनिटं हातात राहते आणि गुपचूप परत आत जाते.

जपानच्या मारी कोंडोबाईंचा फंडा एकदम सोपा. वस्तू हातात घ्या, आनंद झाला तर ठेवा, नाहीतर थँक्यू म्हणून निरोप द्या. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांची सिरीज आली आणि जो तो कपाटं रिकामी करायला लागला. (२०२३ मध्ये याच बाईंनी सांगितलं, की तिसऱ्या मुलानंतर घर टापटीप ठेवण्याचा नाद त्यांनी बराचसा सोडलाय. काय बरं वाटलं म्हणून सांगू!) पण जो कपडा हातात घेतल्यावर आनंद वगैरे होत नाही, नुसता घशात आवंढा येतो, त्याचं काय करायचं?

माझ्याकडे तसा एक शर्ट होता. बाबांचा. निळ्या चौकटींचा, सुती, कॉलर विरलेली.

मी भातसानगरची. म्हणजे शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाच्या कॉलनीतली. मुंबईच्या नळांना येणारं जवळपास निम्मं पाणी या धरणाचं, त्यामुळे मुंबईकरहो, तुम्ही आमचे लांबचे नातेवाईकच. (आमच्याच तालुक्यातली कितीतरी गावं उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतात, हे नातेवाइकांना सहसा कुणी सांगत नाही.) बाबा पाटबंधारे खात्यात. पावसाळ्यात धरण भरत आलं, की रात्री-अपरात्री ड्युटी. आणि आमच्याकडचा पाऊस म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस! कपडे चार-चार दिवस वाळायचे नाहीत. क्वार्टरमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, त्यांच्याखालून वाकून जायचं. सगळ्या घराला तो ओलसर, आंबूस वास. पण बाबांच्या शर्टाला त्यातही स्वतःचा वास असायचा, तंबाखूचा आणि खोबरेल तेलाचा. डोळे बांधले असते तरी मी दोरीवरून त्यांचा शर्ट बरोब्बर काढला असता.

२०२२ च्या पावसाळ्यात बाबा गेले. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. आईने जवळपास सगळे वाटून टाकले. त्यांनी शेवटचा अंगातून काढलेला हा एक शर्ट मी उचलला, न धुता प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली आणि ठाण्याला घेऊन आले.

वेडेपणा म्हणाल, तर थोडं शास्त्रही ऐका. वासाचा संदेश मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत अगदी जवळच्या वाटेने पोचतो. डोळ्या-कानांचे संदेश वळसा घालून जातात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ९६ जोडप्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पुरुषांनी २४ तास एकच टी-शर्ट घातला, डिओ-बिओ काही नाही. मग ते शर्ट बायकांना हुंगायला दिले आणि त्यांना मुद्दाम ताण येईल अशी परीक्षा घेतली. जोडीदाराचा शर्ट मिळालेल्यांना ताण कमी जाणवला. परक्या पुरुषाचा मिळाला, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल वाढलं. वास टिकावा म्हणून तिथे शर्ट गोठवून ठेवले होते. माझ्या वन-बीएचकेत तेवढी सोय नाही.

मोठ्या माणसांच्या कपड्यांना म्युझियम मिळतं. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेब आंबेडकरांचे कपडे जपून ठेवलेत, लोक लांबून ते बघायला येतात. आपल्यातुपल्यांच्या कपड्यांची वाट मात्र ठरलेली. धड असतील ते बोहारणीकडे. पाच साड्यांवर एक स्टीलचं पातेलं, त्यावर अर्धा तास हुज्जत! आणि जे पार मऊ पडलेत, ते गोधडीत.

आई मूळची साताऱ्याची, ती गोधडीला वाकळ म्हणते. गेल्या दिवाळीनंतर ती माझ्याकडे राहायला आली, तीच आजीचं इरकली लुगडं बरोबर घेऊन. वर-खाली लुगडं, आतल्या थरांना जुने कपडे, आणि कडेपासून आत-आत जाणारा धावदोरा. कपडा सुती हवा, धुऊन-धुऊन कांजी पार गेलेला हवा. नवं कापड कडक, सिंथेटिक निसटतं. तिने माझ्या कपाटातले चाळीसेक टॉप आणि कुर्ते एकेक करून चाचपले. एकही पास केला नाही! सेलमध्ये घेतलेले, सहा महिन्यांत बोअर झालेले. त्यातला एकही मऊ पडेपर्यंत मी घातलेला नव्हता.

मग तिचा हात त्या पिशवीला लागला.

‘‘हा दे. पण आधी धुवावा लागेल.’’

‘‘धुतला की वास जाईल गं.’’

तिने गाठ सोडली, नाक जवळ नेलं. ‘‘हा वास पिशवीचा आहे बाळा. त्यांना असला कुबट वास कधी यायचा?’’

मी काही बोलले नाही, पिशवीही दिली नाही. ती बेडरूममध्ये जाऊन झोपली. एवढं मात्र कळलं, की तिच्याकडे त्यांचा काहीच वास उरला नव्हता. सगळं वाटताना तिने एक रुमालही मागे ठेवला नव्हता, आणि मी कधी विचारलंही नव्हतं. चार दिवसांनी मी शर्ट बादलीत भिजवला. मशीनमध्ये नाही टाकला. पाणी तंबाखूच्या रंगाचं झालं, तशी मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. आईनेच तो चोळला आणि पिळला.

खिशाखालचा शाईचा डाग तेवढा गेला नाही. त्यांचं पेन नेहमी गळायचं. आईने तो तुकडा आतल्या थरात न घालता वर, लुगड्यावर लावलाय. डोक्याकडच्या बाजूला, कारण त्यांच्यावर कुणाचा पाय पडायला नको.

वाकळ आता अर्धी झालीये, आणि आतला एक थर कमी पडतोय. दहावीच्या शेवटच्या दिवशी मित्रांनी सह्या केलेला भावाचा शाळेचा शर्ट आईच्या डोळ्यांत भरलाय. तो रोज पुण्याहून फोन करून सांगतो, ‘‘हात लावायचा नाही.’’